खुंटा आणि आठ जणींचा दोर

तिला सगळे खुंटा म्हणत. हे नाव मास्तरांनी ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की हजेरीच्या कार्डावरचं स्वतःचं खरं नाव वाचताना तिलाच क्षणभर परकं वाटायचं. रस्सीखेचीत दोराच्या अगदी टोकाला जी उभी राहते, दोर काखेतून घेऊन पाठीवरून आडवा खांद्यावर टाकते आणि टाचा रुतवून मागे रेलते, ती जागा तिची. पुढच्या सात जणींचे पाय सुटले तरी ही तसूभर हलायची नाही. बाई उंचीनं बेताची, पण मांड्या अशा की तिचा नवरा, जो शिंपी होता, चारचौघांत म्हणायचा, "हिच्या एका विजारीच्या कापडात माझ्या दोन होतात." तीही फणकारून म्हणायची, "मग दोन शिवा आणि गप्प बसा."

काम अळंबीच्या कारखान्यात. पांढऱ्या, गोल, बटणासारख्या अळंब्या खुडायच्या. अशा बारा खोल्या होत्या आणि एकीलाही खिडकी नव्हती. आत लोखंडी मांडण्या, एकावर एक पाच, प्रत्येक मांडणीवर काळं खत आणि त्यावर ओल्या मातीचा थर. त्या मातीतून अळंब्या वर यायच्या. बायका कपाळाला बत्ती बांधून, हातात छोटी सुरी घेऊन आत शिरायच्या, अळंबी हलकेच पिळून उपटायच्या, देठ कापायच्या आणि क्रेटमध्ये ठेवायच्या. अकरा वर्षं खुंटानं हेच केलं होतं.

पूर्वी या खोल्या सुट्या सुट्या होत्या. एकीतून दुसरीत जायचं तर आवार ओलांडावं लागे. डबा खायला सगळ्या बाहेरच्या कट्ट्यावर बसत. घरून पायी यायचं, पायी जायचं. तीन वर्षांपूर्वी नवे साहेब आले आणि त्यांनी सगळी सोय करून दिली. खोल्याखोल्यांमध्ये बंद बोळ बांधला. जेवायला आतच मोठी खोली, गरम पाण्याचा नळ. अळंबीला रोग लागू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरे अंगरखे, टोप्या, तोंडाला फडकं. न्यायला-आणायला दारात गाडी, सकाळी उजाडायच्या आत. परत सोडायची तेव्हा दिवे लागलेले असत. कुणाची तक्रार नव्हती. पावसाचिखलातून तंगडतोड वाचली म्हणून उलट सगळ्या खूशच होत्या. सुटीच्या दिवशी घरातली तुंबलेली कामं आणि उरलेली झोप. ऊन दिसलंच तर पडद्याच्या फटीतून.

रस्सीखेचीचा संघ मात्र जुना होता. आसपासच्या कारखान्यांतल्या बायकांच्या स्पर्धा दर वर्षी व्हायच्या आणि सलग पाच वर्षं चषक यांच्याकडेच होता. शिकवायला मास्तर. एके काळी शाळेत कवायत घ्यायचे, आता फाटकावर हजेरी घेत. दोराच्या पुढच्या टोकाला खुंटाची धाकटी जाऊ, चपळ आणि तोंडाळ. मधल्या पाच जणी खुडणाऱ्याच. आणि सातवी, म्हणजे खुंटाच्या बरोबर पुढे, खतवाली.

खतवाली खोल्यांत काम करत नसे. मागच्या उघड्या आवारात गव्हाचं काड, कोंबडखत आणि पाणी कालवून डोंगराएवढे ढीग रचायचे, दर दोन दिवसांनी उलटायचे, हे तिचं काम. ढिगातून सतत वाफ निघायची आणि वासानं डोळ्यांत पाणी यायचं. तो वास तिच्या केसांतून जात नसे, म्हणून गाडीत तिच्या शेजारी बसायला कुणी राजी नसे. ती एकटीच मागच्या बाकावर बसायची. बोलणं कमी. पण दोराला हात लावला की तिच्या पाठीकडे पाहून खुंटाला हायसं वाटायचं.

हे सगळं बिनसायला सुरुवात झाली ती ठोकळ्यापासून.

सरावासाठी मास्तरांनी लोखंडी चौकटीवर कप्पी बसवून सिमेंटचा एक भलामोठा ठोकळा दोराला टांगला होता. सरावाची जागा म्हणजे मालगोदामाचा रिकामा भाग, पत्र्याखाली. आठ जणींनी खेचलं की ठोकळा चौकटीवरच्या तांबड्या पट्टीपर्यंत वर जायचा. गेली पाच वर्षं जात होता. त्या हिवाळ्याच्या तोंडाला एके दिवशी तो वीतभर खालीच थांबला.

"झोपलात काय गं?" मास्तर ओरडले. "पुन्हा!"

पुन्हा खेचला. पुन्हा वीतभर खाली. पुढच्या आठवड्यात दीड वीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात ठोकळा जमिनीवरून उठला, थरथरला आणि हळूहळू खाली बसला, जणू कुणी खालून त्याचे पाय धरले होते.

"कुणीतरी यात वजन घातलंय," धाकटी जाऊ म्हणाली. "सांगते मी. साबणवाल्यांचं काम आहे हे. दर वर्षी हरतात ना आपल्याकडून."

मास्तरांनाही संशय होताच. ढकलगाडीवर घालून त्यांनी ठोकळा पॅकिंगच्या मोठ्या काट्यावर नेला. आठही जणी भोवती उभ्या. काट्याचा आकडा फिरला आणि थांबला. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"जेवढं होतं तेवढंच आहे," ते म्हणाले. "एक किलोचाही फरक नाही."

ठोकळ्यात वजन सापडलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, हे खुंटाच्या तेव्हाच लक्षात आलं.

त्यानंतर सहा नंबरच्या खोलीत ती गोष्ट घडली. बोळाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा खोल्या; सहा नंबर सगळ्यांत आतली, टोकाची. अळंबी एका दिवसात दुप्पट होते, त्यामुळे सकाळी जिथे शेंगदाण्याएवढे दाणे दिसलेले असत तिथे दुसऱ्या दिवशी मुठी उगवलेल्या असत. खुंटाला त्याची सवय होती. पण त्या दिवशी ती एकटीच होती. सगळ्यांत खालच्या मांडणीवरचं खुडायला ती उकिडवी बसली. पंखा मध्येच बंद पडला आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत मातीतून बारीक कुरकुर ऐकू यायला लागली, ओली, दाटीवाटीनं काहीतरी सरकल्यासारखी. कपाळावरच्या बत्तीचा उजेड जिथे पडेल तिथे पांढरी डोकी, आणि उजेडापलीकडेही तीच असणार हे तिला माहीत होतं.

क्रेट भरलं. ती उठायला गेली. पण उठता येईना.

पाय दुखत नव्हते, मुंग्याही आल्या नव्हत्या. पाय होते, पण तिचं ऐकत नव्हते. तिनं पुन्हा जोर लावला, अर्धवट वर आली आणि कमरेला दोन हातांनी धरून खाली दाबावं तशी पुन्हा बसली. तिनं चटकन मान वळवून मागे पाहिलं. मागे नुसती मांडणी. शेवटी लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून ती कशीबशी वर सरकली. ज्या बाईला आठ बायका मिळून जागची हलवू शकत नव्हत्या, ती स्वतःला उचलू शकली नाही. पंखा पुन्हा सुरू झाला तेव्हा ती बोळातून जवळजवळ पळत होती, आणि पळताना आपण डुलतोय, बदकासारखे या पायावरून त्या पायावर झोके घेतोय, हेही तिला जाणवलं.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पण जेवायच्या खोलीत एक जण म्हणाली, "हल्ली वेणी घालताना हात वर राहतच नाहीत. लेकीकडून घालून घेते." दुसरी म्हणाली, "माझं जिना चढताना तसंच होतंय. कठडा धरून चढते, म्हातारीसारखी." तिसरीनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सहा नंबरात तुम्हाला कधी कुणी धरलंय का गं?"

खुंटाच्या हातातला घास हातातच राहिला.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं संघाच्या नव्या विजारींसाठी मापं घेतली. दर वर्षी तोच शिवायचा आणि सगळ्यांची मापं त्याच्या वहीत असत. संध्याकाळी तो वही घेऊन बराच वेळ दिव्याखाली बसला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"माझी टेप खराब झालीय बहुतेक," तो म्हणाला. "तुझी मांडी दोन बोटं कमी भरतेय. दुसरीची दीड. हिची दोन. अगं, कंबरा तेवढ्याच आहेत, काहींच्या वाढल्यात. मांड्या तेवढ्या उतरल्यात. सात जणींच्या."

"सात?"

"खतवालीची आहे तेवढीच आहे. उलट कणभर जास्तच."

धाकटी जाऊ दारातच उभी होती. तिनं ऐकलं ते दुसऱ्या दिवशी गाडीत सगळ्यांनी ऐकलं.

कुजबुज कुठून सुरू झाली ते कुणालाच सांगता आलं नसतं. आधी नुसतं "हिचंच बरं कसं काय चाललंय?" मग "हिचं अंग कसं दिवसेंदिवस भरतंय पाहिलंत?" मग कुणीतरी म्हणालं की दोराला तिच्या हातांचा घाम लागलेला असतो आणि तोच आपल्या हातांना लागतो. शेवटी एके दिवशी धाकटी जाऊ सरळच बोलली, "आपली ताकद जातेय कुठे? हवेत तर नाही ना जात? कुणाच्या तरी अंगात जात असणारच."

खुंटाला हे पटलं असं नाही. पण सरावात तिनं दोर खांद्यावर घेतला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. दोरातून सगळं कळतं. कोण श्वास रोखतंय, कुणाची टाच सरकतेय, सगळं टोकाला उभ्या असलेल्या बाईच्या पाठीत उतरतं. त्या दिवशी दोरातून सहा जणींचं जे काही येत होतं ते मलूल होतं, ओल्या फडक्यासारखं. आणि तिच्या अगदी पुढे, हातभर अंतरावर, दोन हात मात्र जिवंत होते. इतके जिवंत की तिला ते ओरबाडल्यासारखे वाटले. खतवालीच्या मानेवर घाम चमकत होता. मान तांबूस, तुकतुकीत. बाकी सगळ्यांच्या माना, तिनं तेव्हाच पाहिलं, अळंबीच्या देठांसारख्या होत्या.

सराव संपल्यावर धाकटी जाऊ खतवालीसमोर जाऊन उभी राहिली. "तू उद्यापासून येऊ नकोस."

"का?"

"का ते तुला माहीत आहे."

खतवालीनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांत शेवटी खुंटाकडे पाहिलं आणि तिथेच थांबली. चार वर्षं एकीच्या पाठीला दुसरी उभी राहिलेली होती. खुंटानं एक शब्द बोलायचा अवकाश होता. ती वाकून बुटाची नाडी सोडत बसली. नाडी आधीच सुटलेली होती.

खतवालीनं हात पुसले आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती गाडीनंही आली नाही. पायी येऊ लागली.

ती गेल्यावर ताकद परत यायला हवी होती. पंधरा दिवसांनी साबणाच्या कारखान्याशी मैत्रीचा सामना होता. ज्यांना यांनी दर वर्षी लोळवलं होतं, तो संघ. खतवालीच्या जागी ऐनवेळी एकीला उभं केलं होतं. पंचांनी "ताणा" म्हटलं आणि दोर ताठ झाला त्या क्षणी खुंटाला कळलं की समोर काहीतरी वेगळंच आहे. त्या बायका ओरडत नव्हत्या, धापा टाकत नव्हत्या. त्या नुसत्या मागे चालत होत्या, विहिरीवरून पाणी ओढल्यासारख्या. आपल्याला कुणी खेचतंय असं वाटतच नव्हतं. वाटत होतं की आपल्याच पायांखालची जमीन तिकडे सरकतेय. तिनं टाचा रुतवल्या. टाचा रुतल्या, पण गुडघ्याच्या वर काही नव्हतंच. ती उभीच्या उभी घसरत गेली, डोळे उघडे ठेवून. लोक हसले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

घरी आल्यावर तिनं दार लावलं आणि नवऱ्याला सहा नंबरची गोष्ट सांगितली. त्यानं सुई कापडात खोचली. "बत्तीमावशी आठवते का गं तुला?" तो म्हणाला.

बत्तीमावशी म्हणजे कारखान्यात पहिल्यांदा कपाळाला बत्ती बांधून काम केलेली बाई. पूर्वी, खोल्या सुट्या होत्या तेव्हासुद्धा, आतली, अंधारी खोली तिच्याकडेच असे. थंडी सोसत नाही म्हणून ती डबाही आतच खायची. चारेक वर्षांपूर्वी काम सोडून गेली ती कुणाला पुन्हा दिसली नव्हती. खुंटा सुटीच्या दिवशी तिच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. आत पडदे ओढलेले. भर दुपारी खोलीत तोच उजेड होता जो खुंटाला रोज दिसत असे. पलीकडच्या खोलीतून आधी आवाज आला, फरपटल्यासारखा, मग थांबला, मग पुन्हा फरपट. भिंतीवर एक हात दिसला, मग दुसरा, आणि मग भिंतीला धरून, या पायावरून त्या पायावर डुलत, एक बाई आली. मावशी फार तर पंचावन्नची असेल. समोरची बाई ऐंशीची दिसत होती. आणि ती चालत होती अगदी तशी, जशी खुंटा त्या दिवशी बोळातून पळाली होती.

"बस," मावशी म्हणाली. "कुठली खोली आहे तुझ्याकडे?"

"सहा नंबर."

मावशीनं मान हलवली. ती खुर्चीत पडली, बसली असं म्हणता येणार नाही. "इकडे ये. पाय पुढे कर."

खुंटानं पाय पुढे केला. मावशीनं अंगठा तिच्या नडगीच्या हाडावर टेकवला आणि दाबला. फार जोरात नाही, पीठ भिजलंय का पाहावं तेवढाच. खुंटाच्या तोंडून किंकाळी निघाली.

"हाडालाच दुखतं ना? मांसाला नाही." मावशीनं अंगठा काढला. "माझं पण असंच सुरू झालं. मग खुब्याजवळ तडा गेला. पडले नाही, झडले नाही, उभ्या उभ्या तडा. मला कुणी काही केलेलं नाही गं. मला अंधारानं खाल्लं. थोडं थोडं, अळंबी वाढते तितकं हळू. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तू आजच्या आज दवाखान्यात जा."

"आणि तुम्ही पडदे का ओढून घेतलेत मग?"

"सवय," ती म्हणाली. "उजेड डोळ्यांना टोचतो."

खुंटानं निघण्यापूर्वी पडदे उघडले. मावशी ओरडली, पण उठून बंद करायला तिला जमलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भरभर बोलायच्या. त्यांनी खुंटाला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. तिसऱ्या खेपेलाही जमलं नाही तेव्हा त्यांनी रक्त काढून घेतलं. चार दिवसांनी कागद समोर धरून म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व. वीसच्या वर तरी हवं. तुमचं पाच आहे. पाच! तुम्ही राहता कुठे, भुयारात?"

"जवळजवळ," खुंटा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश समजावून सांगितलं. हे जीवनसत्त्व अन्नातून फार थोडं मिळतं. उन्हात कातडी ते बनवते. ते नसलं की पोटात गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांपर्यंत पोचत नाही, हाडं मऊ पडतात, दाबलं की दुखतात. आणि स्नायू, त्यातही मांड्यांचे आणि खांद्यांचे, सुस्त होतात, झिजतात. उकिडवं बसून उठणं, जिना चढणं, वेणी घालणं, हीच कामं आधी जातात. "खेळाडूला तर लगेच कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"कळलं होतं," खुंटा म्हणाली. "पण आम्हाला वाटलं, कुणीतरी..." आणि ती थांबली.

"औषधानं भरून येईल. वेळ लागेल, महिने लागतील. आणि एक सांगून ठेवते. हे काही ताकदीचं औषध नाही. तुम्ही खड्ड्यात आहात, यानं खड्डा भरेल आणि तुम्ही जमिनीवर याल. त्याच्या वर जायचं ते सरावानंच. बाकीच्या बायकांनाही पाठवा." मग सहज विचारलं, "तुमच्यातलं कुणी बाहेर उन्हात काम करतं का? तिला काही त्रास आहे?"

"नाही," खुंटा म्हणाली. "तिला काहीच त्रास नाही."

बाकी सहा जणींचे आकडे सातपासून अकरापर्यंत निघाले. मावशीलाही खुर्चीसकट उचलून नेलं. तिचा आकडा डॉक्टरीणबाईंनी मोठ्यानं वाचलाच नाही.

सगळ्यांचे कागद हातात आले त्याच दिवशी, जेवायच्या सुटीत, खुंटा फाटकावरून वळसा घालून मागच्या आवारात गेली. कामाच्या दिवशी भर दुपारचं आकाश तिनं तीन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं आणि तिचे डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा वाफेच्या पडद्यामागे एक आकृती फावड्यानं ढीग ओढत होती. वाफेत ती कधी दिसायची, कधी नाहीशी व्हायची. खुंटाला क्षणभर जुनी भीती वाटली, आणि त्या भीतीची लाज वाटली.

"मी आलेय," ती म्हणाली.

"दिसतंय," खतवाली थांबली नाही.

"आमच्या अंगात ऊन नव्हतं. तेवढंच होतं. रक्त तपासलं. तुझा काही... मी तेव्हा बोलायला हवं होतं."

खतवालीनं फावडं ढिगात रोवलं. "बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही," ती म्हणाली. "त्या माझ्या शेजारी बसतच नव्हत्या कधी. पण तुझं तोंड माझ्या पाठीला होतं चार वर्षं. तुलाही तसंच वाटलं का गं? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. "एकदा वाटलं," खुंटा म्हणाली. "दोरातून तुझे हात लागले तेव्हा."

खतवालीनं कट्ट्यावरची पिशवी बाजूला सारून जागा केली. "बस. डबा इथेच खा. पाय उन्हात ठेव."

आता साहेबांकडे जाणं आलं. मास्तर, खुंटा आणि धाकटी जाऊ गेले तेव्हा साहेब पॅकिंगमध्ये नवं यंत्र चालवून पाहत होते. पट्ट्यावरून अळंब्या सरकत यायच्या, एका पेटीखालून जायच्या आणि पेटीत जांभळा उजेड लखकन चमकायचा. काही सेकंद, बस. "एवढ्यात तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं," साहेब कौतुकानं म्हणाले. "उन्हात ठेवल्यासारखंच. डब्यावर आता सूर्याचं चित्र छापणार आहोत."

त्या जांभळ्या उजेडात पांढरी डोकी क्षणभर निळसर व्हायची आणि पुढे जायची. तिघं जण पाहत राहिले.

"साहेब," धाकटी जाऊ म्हणाली, "आम्हाला पण पट्ट्यावर झोपवता का?"

साहेब हसले. मग कुणीच हसत नाही असं पाहून थांबले. खुंटानं सात जणींचे कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी ते सगळे वाचले, एकेक करून, आणि शेवटचा वाचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी बोळातून मागच्या आवारात उघडणाऱ्या दाराचं कुलूप निघालं. दुपारी पाऊण तास, अंगरखे काढून, बाहेर. खोल्या दर महिन्याला बदलायच्या, सहा नंबर कुणा एकीच्या गळ्यात नाही.

पहिले काही दिवस बायका बाहेर आल्या की भिंतीला चिकटून सावलीत उभ्या राहायच्या. उजेडात यायला त्यांचे पाय धजत नसत. खुंटानं एकेकीला हाताला धरून कट्ट्यावर आणलं.

हिवाळाभर ऊन कोवळंच होतं, त्यामुळे भरवसा गोळ्यांवर. आठवड्याला एक गोळी. धाकट्या जावेला इतका धीर कुठला? स्पर्धा तोंडावर आली होती. तिनं रोज एक घ्यायला सुरुवात केली आणि महिन्याभरात तिला तहान भागेना, अन्न पोटात ठरेना. डॉक्टरीणबाईंनी तिला असं फैलावर घेतलं की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटनाही घाम फुटला. चुना रक्तात साठायला लागला होता. त्या वर्षी संघ उतरलाच नाही. चषक साबणवाल्यांनी नेला.

खुंटाला हात न टेकता उठता आलं ते चौथ्या महिन्यात. नवऱ्यानं तिला तीन वेळा उठबस करायला लावली, मग टेप आणली आणि मांडी मोजून म्हणाला, "एक बोट आलं परत." मावशी काठीवर आली, त्यापुढे गेली नाही. खुब्याचं हाड वेडंवाकडं जुळलं होतं.

पुढच्या वर्षी ठोकळा तांबड्या पट्टीला टेकला तेव्हा मास्तरांनी शिट्टी खिशात ठेवली. संघ दोन फेऱ्या जिंकला, तिसरीत हरला. हरताना समोरच्या बायका ओरडत होत्या, शिव्या घालत होत्या, धापा टाकत होत्या. खुंटाला ते ऐकून बरं वाटलं. समोर माणसंच होती.

सातव्या जागेवर पॅकिंगमधली एक नवी बाई होती. खतवालीला सगळ्यांनी विचारलं. धाकटी जाऊ तर तिच्या दारात जाऊन रडली. खतवालीनं तिला चहा दिला, तिच्या पोरांची चौकशी केली आणि नाही म्हणून सांगितलं.

खुंटानं शेवटचं विचारलं ते आवारात. आता ती स्वतःच बदली मागून खताच्या कामावर आली होती. घरी आल्यावर शिंपी नाक मुरडायचा आणि तिच्या कपड्यांचा वेगळा ढीग करायचा.

"माझा राग नाही," खतवाली म्हणाली. "पण दोर धरला की मागचीच्या मनात काय चाललंय हे मला कळेल. तुला कळायचं तसंच. ते मला नको." ती हसली आणि फावडं खुंटाकडे फेकलं. "चल, ऊन उतरायच्या आत हा ढीग उलटायचाय."

दोघींनी दोन बाजूंनी फावडी घातली. ढीग उघडला तशी आतून वाफ उसळली, आणि पलीकडच्या बाजूची खतवाली पार दिसेनाशी झाली. खुंटा फावडं थांबवून उभी राहिली. वाफेतून फावड्याचा आवाज येत होता, एका लयीत. तो ऐकत ती पुन्हा कामाला लागली.